न विचारता घातलेलं पाणी

सगळे म्हणतात, आत्याबाई, तुम्ही शांत गेलात.

फादरांनी शवपेटीपुढं उभं राहून तेच सांगितलं. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सिस्टर तेच म्हणाल्या. तुमचा सायमन तर दारात येईल त्याला सांगतो, "मम्मीला काही त्रास झाला नाही, सुनेचा हात धरून झोपेत गेली." लोक हळहळतात, चहा घेतात, आणि निघताना मला म्हणतात, अशी सासू आणि असं मरण कुणाच्या नशिबी असतं बाई. मी मान हलवते. दुसरं काय करू?

तुम्ही शांत गेला नाहीत, हे एकट्या मला ठाऊक आहे. तुम्ही घाबरून गेलात. नरकाला घाबरून गेलात. आणि माझा हात तुम्ही मायेनं धरला नव्हता, माझी नाडी बघत होतात. हे मी सायमनला सांगू शकत नाही, माझ्या भावाला तर मुळीच नाही, आणि चर्चमधल्या बायकांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत कोल्हारच्या बाजारात पोचेल. राहिलात तुम्ही. म्हणून तुमच्याशीच बोलते. आयुष्यभर माझी बडबड ऐकलीत, अजून थोडी ऐका.

घरात तुम्हाला सगळे मम्मी म्हणायचे, गाव नर्सबाई म्हणायचं. मी नेवाशाकडची, मराठ्यांची पोर. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून उंबरा ओलांडल्या ओलांडल्या तेच तोंडातून आलं. तुम्ही खदखदून हसलात. म्हणालात, "म्या कवा तुझ्या बापाची बहीन झाले गं?" मग तेच नाव राहिलं. पुढं पुढं दुसऱ्या कुणी तुम्हाला आत्याबाई म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही.

सायमनशी लग्न केलं तेव्हा माझ्या वडलांनी सांगितलं, आमची मुलगी मेली. बिशपांची परवानगी आणून तुम्ही आमचं लग्न चर्चमध्ये लावलंत, पण माझा बाप्तिस्मा झाला नाही. माझं नाव तेच राहिलं, आणि देवही बदलला नाही. देव होता कुठं मला बदलायला! माहेरी मी आरतीला टाळ्या वाजवायला आणि प्रसादाला हात पुढं करायला, एवढ्यापुरतीच.

पोटुशी राहिले तेव्हा आईच्या आठवणीनं मला अन्न जाईना. तुम्ही कुणाला न सांगता एसटीनं माझ्या माहेरी गेलात आणि आमच्या ओट्यावर जाऊन बसलात. दिवसभर. घरातून कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या भावानं समोरून दोनदा मोटरसायकल नेली. तुम्ही पदर डोक्यावर घेऊन बसून राहिलात, आणि दिवस कलल्यावर माझी आई बाहेर आली नि तुमच्या गळ्यात पडली. आईला घेऊनच आलात. हे मला आईनं सांगितलं, तुम्ही कधीच नाही. तुम्ही म्हणालात, "गाडी लवकर न्हाई मिळाली, म्हनून उशीर झाला."

आता सांगा, अशा बाईचा राग करायचा कसा? पण झाला मला तुमचा राग. त्याचंच तर सगळं आहे.

वर्षातून एकदा तुम्ही मला विचारायचात. ईस्टरच्या आधीच्या उपासांत, कारण मोठ्या माणसांचे बाप्तिस्मे ईस्टरच्या रात्री व्हायचे. नेमकं मी भाकरी थापत असताना, म्हणजे मला उठून जाता येऊ नये.

"औंदा घेतेस का?"

"नाही, आत्याबाई."

"बरं. तव्याकडं बघ, करपाया लागली."

संपलं. पुन्हा वर्षभर शब्द नाही. तुमचं हे मला फार आवडायचं. लोक म्हणतात, मिशनवाले पाठीमागं लागतात. तुम्ही पाठीमागं लागला नाहीत, वाट बघत राहिलात. पाठीमागं लागलेल्या माणसाला हाकलता तरी येतं.

मी नाही का म्हणायची, तेही खरं सांगते. आईबाप सोडले, गाव सोडलं, आडनाव सोडलं. एक कुठली तरी गोष्ट माझ्या मर्जीवर राहू द्या की! आणि दुसरं म्हणजे तुमच्या बोलण्यात प्रेमाच्या मागोमाग आग यायची. देव बापासारखा आहे म्हणायचात, डोळ्यांत पाणी यायचं तुमच्या, आणि पुढच्याच वाक्यात, "पन बाप्तिस्म्याच्या पान्याबिगर गेलेल्या मानसाचं लई वाईट हुतं गं." मला ते कधी पटलं नाही. बाप आहे तर जाळतो कशाला? आणि जाळतो तर बाप कसला?

ती आग तुमच्यात कुठून आली हे तुम्हीच एकदा सांगितलंत. तुम्ही शाळेत जायच्या वयाच्या असताना धर्म शिकवणारे मास्तर गावोगाव एक रंगीत कापड घेऊन हिंडायचे. भिंतीला टांगायचे आणि काठीनं दाखवायचे, हा स्वर्ग, हे मधलं, हा नरक. खाली लाल रंगात माणसं. त्यातल्या एका बाईच्या अंगावर तुमच्या आईसारखं हिरवं लुगडं होतं. बाकीची पोरं घरी जाऊन जेवली, तुम्ही मात्र आईचं लुगडं लपवून ठेवलंत. आईनं त्यापायी मार दिला, तरी का लपवलं ते सांगितलं नाहीत. हे सांगताना तुम्ही हसत होतात, पण तुमचा हात भाजीच्या विळीवर थांबला होता.

पुढं मिशनच्या दवाखान्यात नर्स झालात. तिथल्या सिस्टरांनी तुम्हाला बाळंतपणं शिकवली, आणि एक गोष्ट वेगळी शिकवली. जन्मलेलं मूल जगणार नाही असं दिसलं आणि फादर जवळ नसले, तर कुणीही त्याला बाप्तिस्मा देऊ शकतं. डोक्यावर तीन वेळा पाणी घालायचं आणि पित्याचं, पुत्राचं, आत्म्याचं नाव घ्यायचं. बस्स. तुम्ही कितीक लेकरांना असं चमच्यानं पाणी घातलंत. कुणाचं आहे, कुठल्या वाड्यातलं आहे, काही बघितलं नाहीत.

मी तेव्हा तडकले होते. "त्यांच्या आयांना विचारलं होतं का?"

"मराया टेकलेल्या लेकराच्या आईला काय इचारनार? ती रडंल का मला उत्तर दील?"

"तरी विचारायला हवं."

"आगं, पानीच घातलं ना. इख तर न्हाई घातलं."

त्या दिवशी मी गप्प बसले, कारण तुमचा चेहरा मला दिसत होता. ती लेकरं तुमच्या हातात गेली होती, माझ्या नव्हे.

आपलं खरं भांडण गिरणीत झालं. तुम्हीच माझ्या नावानं ती पिठाची गिरणी घालून दिलीत, आणि दुपारची दळणं कमी झाली की तुम्ही डबा घेऊन गप्पा मारायला यायचात. मी बाजरी टाकत होते. सहज म्हणून सुरुवात केली.

"आत्याबाई, समजा तुम्ही वर गेलात."

"तुझ्या तोंडात साखर पडो."

"आणि मी खाली."

"असं वंगाळ बोलू नगं."

"बोलू द्या की. तुम्ही वर आणि मी खाली आगीत. तुम्हाला तिथं भाकरी गोड लागेल का?"

"तिथं भाकरी नसती."

"विषय बदलू नका."

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत, काढलंत. "तिथं दुख न्हाई. देव सोता डोळं पुसतो."

"म्हणजे मला विसरणार! इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन खुशाल विसरणार!"

"इसरीन कशी?"

"मग रडणार. मग तो स्वर्ग कसला हो?"

तुम्ही उठलात आणि पीठ न घेताच घरी गेलात. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणालात, "लई इचार केला. फादरला बी इचारलं. तुझ्या प्रस्नाला उत्तर न्हाई मला सापडत. म्हनून म्हनते, तू वरच ये. लई भानगडी वाचतील." मी हसत सुटले. तुम्ही नाही हसलात.

याच्या आधी, धाकटा बालवाडीत जायचा तेव्हा, मला पान लागलं होतं. साप चावला हा शब्द तुम्ही घरात उच्चारू द्यायचा नाहीत. गिरणीत पीठ, पिठाला उंदीर, उंदरांमागं नाग. मी मागची रिकामी पोती उचलायला गेले आणि अंगठ्याजवळ डसला. सायमन कारखान्यावर ड्यूटीला. तुम्ही रस्त्यात आडव्या उभ्या राहिलात, टोमॅटोचा एक टेम्पो थांबवलात, क्रेट खाली उतरवायला लावलेत आणि मला मागं घातलंत. माझं डोकं तुमच्या मांडीवर. थोड्या वेळानं माझ्या पापण्या मिटल्या, त्या उघडेनात. जीभ जड झाली. हाक मारली तरी ओ देता येईना. पण आतून मी जागी होते. हे त्या वेळी कुणालाच कळलं नाही, तुम्हालाही.

कपाळावर गार पाणी पडलं. थांबलं. पुन्हा पडलं, थांबलं, पुन्हा पडलं. तुम्ही काहीतरी पुटपुटत होतात, टेम्पोच्या आवाजात शब्द लागले नाहीत. मग तुम्ही पदरानं माझं तोंड पुसलंत आणि मोठ्यानं रडलात. मोठ्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, मी वाचले.

ही गोष्ट मी त्यानंतर किती जणांना सांगितली असेल! दळणाला आलेल्या बायकांना, माझ्या आईला, पोरींच्या लग्नात, पाहुण्यांत. "सासूनं वाटेत कपाळावर गार पाणी घालून घालून मला धरून ठेवलं, म्हणून आज तुमच्यापुढं उभी आहे." आणि दर वेळी तुम्ही उठून जायचात. मीठ बघायला, शेळी बांधायला, काहीही. मला वाटायचं, कौतुक सोसत नाही बाईला. काय बाई मी तरी! चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, ते माझ्यासमोर लख्ख पडलं होतं आणि मला दिसलं नाही.

या उन्हाळ्यात तुमचे पाय सुजले, मग दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा आता. फादर आले. तुम्ही आम्हा सगळ्यांना बाहेर काढलंत. बराच वेळ दार बंद होतं. मग फादरांनी तुम्हाला मरणाआधीचं पवित्र तेल लावलं, कम्युनियन दिलं, बाहेर येऊन म्हणाले, आता त्या तयार आहेत. सायमननं डोळे पुसले. लोकांची ती "शांत गेल्या"ची गोष्ट तिथूनच निघाली.

दुपारी मी तुमचे केस विंचरत होते. घरात आपण दोघीच.

"तुला टेम्पोतलं पानी आठवतं?"

"आठवतं की. त्या पाण्यानंच वाचले मी."

"पान्यानं न्हाई वाचलीस. इंजेक्शननं वाचलीस. पानी मी दुसऱ्या कामाला घातलं."

मी विंचरत राहिले. मग कंगवा थांबला.

"बाप्तिस्मा दिलात मला?"

"तुझी नाडी लागंना. म्हनलं, गेली ही. आन मला ते कापड दिसलं बग, भितीवरचं. लुगडं त्येच. पन आगीतल्या बाईचं तोंड तुझं हुतं."

मी कंगवा खाली ठेवला. तुम्ही मात्र सुटलात. इतकी वर्षं अडवलेलं एकदम. सिस्टरांनी शिकवतानाच सांगितलं होतं, की लहान लेकराला चालतं, जाणत्या माणसाला त्याच्या इच्छेशिवाय नाही. तुम्हाला ते पाठ होतं. "मला म्हाईत हुतं, चूक हाय. तरी घातलं." नंतर त्या वेळच्या फादरांपुढं तुम्ही कन्फेशनमध्ये, पापाची कबुली देताना, हे सांगितलंत. त्यांनी सांगितलं, न विचारता घातलेलं पाणी लागू होत नाही, आणि देवाच्या संस्काराशी असा खेळ करणं पाप आहे. माफी आहे, पण सुनेला सांगा आणि तिचीही माफी मागा.

"आन मी न्हाई सांगितलं. तुझा भाऊ तवा कुठं येऊ-जाऊ लागला हुता. त्यो म्हनला असता, बघा, बाटवलीच शेवटी. गाव जमा झालं असतं. आन तू... तू पोरं घिऊन गेली असतीस."

"मी कुठं जाणार होते?"

"गेली असतीस. तू लई तापट हायेस."

म्हणजे सांगायचं राहिलं, आणि सांगितलं नाही म्हणून माफीही लागली नाही असं तुम्ही धरून चाललात. पण रविवारी कम्युनियनला उठला नाहीत तर गाव विचारणार, नर्सबाईंना काय झालं? म्हणून उठत राहिलात. दर रविवारी प्रभूचं शरीर जिभेवर घ्यायचं आणि दर रविवारी वाटायचं, अजून एक पाप चढलं. इकडं आड, तिकडं विहीर. आणि मी त्याच चर्चच्या बाहेर तुमच्या चपला सांभाळत उभी असायचे!

"आता ह्या फादरांना समदं सांगितलं. त्यांनी माफी दिली. पन त्ये बी म्हनले, सुनेला सांगा."

"सांगितलंत ना. झालं."

"न्हाई झालं." तुमचा हात माझ्या मनगटावर आला. दोन बोटं, अंगठ्याच्या खाली, बरोबर जागेवर. "आता तू खरं सांग. त्या येळी तुझ्या मनात जरा तरी हुतं का? यवढंसं बी? मनात असलं तर पानी लागलं. मंग तू बी सुटलीस आन मी बी."

एक 'व्हय' म्हणायचं होतं. एवढंसं. पण जन्मभर लोकांच्या नाड्या बघितलेल्या बाईच्या बोटांत माझं मनगट होतं, आणि तुमच्याशी खोटं बोलायची मला सवयही नव्हती.

"नाही, आत्याबाई. गिरणीची मोटार चालूच राहिली होती. ती कुणी बंद केली असेल का, एवढंच मनात होतं. आणि धाकट्याला कोण आणेल."

तुम्ही डोळे मिटलेत. "व्हय," म्हणालात, "पट्टा तुटला असता."

मग तुम्ही स्टुलावरचा पाण्याचा पेला उचललात. अर्धं पाणी गोधडीवर सांडलं. "मंग आता इचारते. घालू?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. पेला मी तुमच्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "माझ्या बापानं मला न विचारता मेली ठरवलं, तुम्ही मला न विचारता तारलंत. मला विचारणारं कुणी आहे का या जगात?"

"म्हनून तर आता इचारते."

"नाही. आताही नाही."

आणि मी गिरणीत गेले. अंधार पडेपर्यंत दळत बसले. ज्यांचं दळण उद्या न्यायचं होतं त्यांचंही दळून टाकलं. इतकी वर्षं जी गोष्ट मी कौतुकानं सांगत आले ती माझी नव्हतीच. माझं अंग निपचित पडलेलं असताना माझ्याबद्दल काहीतरी ठरलं होतं, आणि मी तेच गावभर मिरवत होते. संध्याकाळी घरी आले तर तुम्ही झोपला होतात. म्हटलं, सकाळी बोलू. नीट भांडू.

सकाळी तुमचं तोंड वाकडं झालेलं, वाचा गेलेली. डोळे मात्र तेच, माझ्यावर रोखलेले.

मी तुमच्या कानाशी वाकले. "आत्याबाई, मी माफ केलं. माझा राग नाही." तुमचा चांगला हात हळूहळू सरकत आला आणि बोटं माझ्या मनगटावर बसली. माझं काळीज धाडधाड उडत होतं. राग नाही? होता की! घशापर्यंत होता. भीती होती, तुमची दया येत होती, आणि या सगळ्याखाली राग तसाच. ते तुमच्या बोटांना कळलं. मला दिसलं की कळलं. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात आणि बोटं काढली नाहीत. बहुतेक वाट बघत होतात, आता कमी होईल, आता होईल. मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, माफ केलं, माफ केलं, आणि जितकं म्हणत होते तितकी नाडी जोरात पळत होती. मग तुमचीच थांबली.

सायमन दारातून बघत होता. त्याला सुनेचा हात धरलेला दिसला.

माझा भाऊ मातीला आला होता, हार घेऊन, लांब उभा राहिला. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मीही टाकली. चर्चमधल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि एकमेकींकडं बघून मान हलवत होत्या, की बघा, आता हिचं मन वळलं. मला ओरडावंसं वाटलं. मी रडत होते ते कशासाठी, हे त्यांना काय ठाऊक?

राग गेला, आत्याबाई. कधी गेला ते सांगते. तुम्ही गेल्यावर आठवड्यानं मी तुमची गोधडी धुवायला काढली आणि तुमचं ते वाक्य पुन्हा कानात आलं, मला म्हाईत हुतं चूक हाय, तरी घातलं. तिथंच नळाशी खाली बसले. पोरवयापासून त्या आगीच्या भीतीनं थरथरणारी बाई, आईचं लुगडं लपवून मार खाणारी बाई, तिनं टेम्पोत बसून ठरवलं, की मी गेले खाली तर जाईन, पण ही नको. गिरणीत मी विचारलं, वर भाकरी गोड लागेल का. त्याचं उत्तर तुम्ही केव्हाच देऊन बसला होतात. माझ्यावर इतका जीव ना माझ्या आईनं लावला, ना बापानं. माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही, तो तुमचा मुलगा असला तरी सांगते.

राग गेला आणि मी जास्तच अडकले. कारण आता माफी आहे, अगदी खरी, पाहिजे तर तपासून घ्या. पण घ्यायला तुम्ही नाहीत.

फादरांकडं गेले. तरुण आहेत, स्वभावानं गरीब. मी सरळच विचारलं, "आमच्या आत्याबाई आता कुठं आहेत?"

ते म्हणाले, "देवाच्या दयेत."

"ते सगळ्यांबद्दल म्हणता. ज्यांना मरताना वाटत होतं की आपल्याला माफी लागली नाही, त्या कुठं असतात?"

त्यांना कन्फेशनमधलं बोलता येत नाही, आणि मला काय ठाऊक आहे हे त्यांनी ओळखलं. मग म्हणाले, "देव माणसाच्या भीतीवर निकाल देत नाही, ताई. प्रेमावर देतो."

"लिहून देता?"

हसले बिचारे. म्हणाले, "तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करा."

"माझी त्याच्याशी ओळख नाही."

"त्याची आहे तुमच्याशी."

मी नुसती चरफडत घरी आले. आईला फोन केला. आई म्हणाली, "मेल्यावर माणूस मातीत जातं बाई, कुठला नरक नि कुठलं काय." इतकी वर्षं मी हेच म्हणत आले होते. पण आता म्हणता येईना. तुमची बोटं खरी होती, तुमच्या डोळ्यांतली भीती खरी होती, मग ज्याला तुम्ही भ्यालात ते खोटं, असं म्हणून मी हात कसे झटकू? मी स्वतःसाठी नरक कधी मानला नाही. तुमच्यासाठी मला मानावा लागतोय, तुम्ही त्यात नसाव्यात म्हणून. काय ही तऱ्हा!

काल चर्चमध्ये तुमची महिन्याची मिस्सा झाली, तुमच्या नावाची प्रार्थना. मी आत गेले. सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बसले. मार्थाबाई म्हणून तुमचं नाव घेतलं गेलं. मग आपापल्या मनात प्रार्थना करा म्हणून फादर थांबले, आणि चर्च एकदम शांत झालं. मला प्रार्थना येत नाही. मला भांडता येतं. मनातल्या मनात म्हटलं, हे बघ. डोकं माझं होतं, कपाळ माझं होतं. न विचारता पाणी पडलं ते माझ्यावर. गुन्हा झाला असेल तर तो माझा झाला, आणि तक्रार करायची तर मी करायची. मी करत नाही. माझ्यासारख्या तापट बाईला आठवड्यात माफ करता आलं, आणि तू बाप म्हणवतोस! तिला धरून ठेवलं असशील तर सोड. आत्ता सोड. मी साक्षीला उभी आहे.

असं बराच वेळ बोलत होते. चांगलंच झापलं त्याला. आणि मग बाकीचे उठले, गाणं सुरू झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्याला मी नाही म्हणत आले त्याच्याच पुढं उभी राहून मी तुमच्यासाठी भांडतेय. नसलेल्या माणसाशी कुणी इतकं भांडतं का?

बाहेर बायका वाटच बघत होत्या. एकजण म्हणाली, "मार्थाबाईंना किती आनंद झाला असेल आज." मी चपला घालून तडक निघून आले.

म्हणून जिंकलात असं समजू नका. मी अजून नाहीच म्हणते. पण तुम्ही सुटलात की नाही, हे कळल्याशिवाय मला आता चैन पडणार नाही, आणि ते इथं राहून कळणार नाही. त्यासाठी मला तुम्ही जिथं असाल तिथं यायला पाहिजे. वर असाल तर तुमच्या हिशेबानं यायला पाणी लागतं. खाली असाल तर पाणी नको, आहे तशीच येते, तुम्हाला एकटीला नाही सोडणार तिथं. आत्याबाई, एवढंच सांगा मला कसंतरी. कुठं आहात? पाणी घेऊन येऊ, का तशीच येऊ?